खारबांधाची कुळकथा

खारबांधाला दार असतं. त्याला उघाडी म्हणतात. बांधाच्या पोटातून काढलेली पाण्याची वाट आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली लाकडी झडप, एवढाच हा सरंजाम. भरती चढली की खाडीचं पाणीच झडप दाबून धरतं, म्हणजे दार आपसूक मिटतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. दिवसातून दोनदा हे चालतं आणि त्यासाठी कुणाला रात्री कंदील घेऊन जावं लागत नाही. समुद्राला स्वतःच्याच विरुद्ध राखणीला बसवणारी ही युक्ती ज्याने पहिल्यांदा काढली, त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

जूचंद्र म्हटलं की रांगोळी आठवते, नाहीतर डोंगरावरची चंडिकादेवी. पण वसई-दिवा गाडीतून जाताना डोंगराचा पायथा सुटला की जमीन एकदम सपाट होते आणि नायगावच्या बाजूला मिठागरांच्या चौकटी दिसू लागतात. आगरी माणसाची दोन जुनी कामं या पट्ट्यात शेजारी शेजारी चालत आली. मिठागरात खाडीचं पाणी मुद्दाम आत घ्यायचं आणि भाताच्या खाचरात तेच पाणी बाहेर ठेवायचं. कामं उलटी, पण चिखलाचा बांध, उधाण-भांगाचा, म्हणजे मोठ्या-लहान भरतीचा, हिशेब आणि पाणी सोडायची-अडवायची वाट हे सगळं दोन्हीकडे सारखंच.

ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ साली निघालं. त्यात भातजमिनीचे दोन वर्ग केले आहेत, गोड्या आणि खाऱ्या. गोड्या जमिनीला राब भाजावा लागतो, नांगरट लागते, रोपं काढून लावणी लागते. खाऱ्या जमिनीला नांगर नाही, खत नाही, लावणीही नाही. बी चिखलात फेकायचं. वाचताना आळशाची शेती वाटते, पण तिच्यामागचा हिशेब पक्का आहे.

उन्हाळ्यात जमीन तापली की खालचं खारं पाणी वर चढतं आणि मीठ पृष्ठभागावर पांढरं फुलतं. जूनचा पहिला दणका पाऊस ते विरघळवतो आणि उघाडीवाटे खाडीत धाडतो. खाचर असं दोन-चारदा धुऊन निघेपर्यंत पेरणी करायची नाही. मधल्या काळात घरी बी भिजवायचं, टोपलीत पेंढ्याखाली दडपून ठेवायचं आणि मोड फुटला की चिखलावर विखरायचं. याला रहू म्हणतात. भाताला मीठ सगळ्यात जास्त बाधतं ते रोप कोवळं असताना आणि पुढे फुलोऱ्यात. मोड घरच्या गोड्या पाण्यात आलेला असला की त्यातले अगदी पहिले दिवस खाऱ्या मातीत काढावे लागत नाहीत. खताचं म्हणाल तर खाडीचा गाळ मुळातच कसदार. नांगर या चिखलात चालवायचा म्हटला तर बैल पोटापर्यंत रुततील. एकच गोष्ट या शेतीला सोसत नाही, ती म्हणजे पावसाची ओढ. पंधरवडाभर आभाळ कोरडं राहिलं की धुतलेलं मीठ पुन्हा वर येतं.

या तंत्राचं मूळ शोधत मागे गेलं तर आपण गोव्यात पोचतो. फोंड्याजवळच्या बांदोड्याला कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा या राजाचा ताम्रपट सापडला. तो साधारण पाचव्या-सहाव्या शतकातला. त्यात ‘खज्जन’ जमिनीचं दान आहे आणि बांध घालून खारं पाणी अडवून तिथे शेत करावं असा उल्लेखही आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच ही गोष्ट दानपत्रात लिहिण्याइतकी रुळलेली होती. गोव्यात आजही खाजन शेती आहे, तिथल्या उघाडीला मानस म्हणतात आणि कोरगुट हे तिथलं खारं भात. पोर्तुगीज आले तेव्हा ही बांधबंदिस्ती गावकरी या ग्रामसंस्थेच्या हाती होती. १५२६ च्या सनदेत त्यांनी गावकरीचे रिवाज लिहून घेतले आणि वसुलीला हात लावला तरी ती व्यवस्था मोडली नाही. १५३४ ते १७३९ वसईवर त्यांचीच सत्ता होती. तेव्हा खारबांध त्यांनी शिकवला अशी समजूत कुणाची असेल, तर ती सोडून द्यावी.

पण बांध बांधणं हा या कथेतला सोपा भाग आहे. माती, पेंढा, दगड आणि भांगाचे चार दिवस मिळाले की बांध उभा राहतो. तो टिकवणं कठीण. खेकडा बांधात बीळ करतो, त्या बिळातून आधी बोटभर पाणी झिरपतं, उधाणाला त्याची मनगटाएवढी धार होते आणि पुढच्या उधाणाला खांड पडते. एका ठिकाणी खांड पडली की खारं पाणी सगळ्यांच्या खाचरात शिरतं आणि जमीन पुन्हा धुऊन निघायला काही पावसाळे जातात. म्हणून बीळ दिसलं त्याच दिवशी बुजवणारं माणूस लागतं आणि ते गावातलंच असावं लागतं.

ही सोय निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी होती. पेण भागात शिलोत्री पद्धत होती. बाहेरचा बांध राखायची जबाबदारी शिलोत्रीदाराची आणि त्याबद्दल तो बिघ्यामागे एक मण भात घेई. अलिबागकडे जोळ होती, म्हणजे खाचरं असलेल्या सगळ्यांनी मिळून बाहेरकाठ्यावर, म्हणजे बाहेरच्या बांधावर, राबायचं. हे चित्र फार गोड करून सांगू नये. याच अलिबाग तालुक्यात चरी गावाभोवतालच्या २५ गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसायला नकार दिला, कारण राबणारा एक आणि कोठार भरणारा दुसरा होता. सामूहिक श्रमाचे गोडवे गाताना हा संप विसरला जातो.

पुढे कूळकायदा आला आणि खाचर कसणाऱ्याच्या नावावर झालं. ते न्याय्यच होतं. बाहेरकाठा मात्र समाईक राहिला. १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम यांनी बांधांची निगा हळूहळू सरकारी खात्याकडे गेली. खात्याकडे जेसीबी असतो, सिमेंटही असतं. पण खेकड्याचं बीळ अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत थांबत नाही. माझ्या मते खारशेतीला खरा धक्का इथे बसला. रासायनिक खतांनी किंवा शहराने तिला नंतर गाठलं.

अशा शेतीची दखल शास्त्रानेही घेतली. बासिल बेन्सिन या रशियन शेतीतज्ज्ञाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस ‘अ‍ॅग्रोइकॉलॉजी’ हा शब्द वापरायला सुरुवात केली. शेताकडे माती, पाणी, पीक, जीवजंतू आणि माणसं यांची एकत्र व्यवस्था म्हणून पाहणारं हे शास्त्र १९८०च्या दशकात मिगेल आल्तिएरी, स्टीफन ग्लीसमन यांच्यामुळे नावारूपाला आलं. केरळातल्या कुट्टनाडची समुद्रसपाटीखालची बांधशेती २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या जागतिक कृषिवारशाच्या यादीत गेली. आपल्याकडचं तसंच ज्ञान पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात मुख्यतः बियाण्याच्या वाटेने पोचलं. शेतकऱ्यांकडच्या लाल भातातून काळा राता आणि भुरा राता हे वाण निवडले गेले. पुढे भुरा राताचा संकर फिलिपिन्सच्या गाजलेल्या आयआर-८ शी करून पनवेल-१ आणि पनवेल-२ काढले. गॅझेटियरमध्ये खाऱ्या जमिनीत फक्त लाल भात होतं असं म्हटलं आहे. त्याचं रक्त आज पांढऱ्या तांदळात वाहतं आहे.

बियाणं असं वाचलं, पण बांधाची गोष्ट वेगळी झाली. खांड बुजली नाही की काही वर्षांत आत तिवरं उगवतात. तिवरांची कांदळवनं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली, २०१८ च्या निकालात ती कायम केली आणि ती खासगी जमिनीलाही लागू आहे. त्यामुळे उशिरा जागा झालेला शेतकरी बांध पुन्हा घालू गेला तर आधी परवानगीच्या फेऱ्या. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिवरं नसती तर किनारा केव्हाच भरावाखाली गेला असता. गोव्यात तर बांधाबाहेरची तिवरं लाटा अडवतात म्हणून ती राखली जात.

नायगाव-जूचंद्रच्या पट्ट्यात तिवरांपेक्षा भरावच जोरात आहे. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली आणि सपाट जमिनीला भातापेक्षा चढा भाव आला. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली आणि मिठागरांवर कामाला असलेली शेकडो माणसं तिथेच अडकून पडली. त्यानंतर नाले, मोऱ्या, अतिक्रमणं यांवर पुष्कळ बोललं गेलं. उघाडी कशी चालते हे ज्याला माहीत आहे तो आणखी एक प्रश्न विचारेल. भर पावसात भरती आली की दार मिटतं, आणि ओहोटी लागेपर्यंत पाच-सहा तास डोंगरावरून उतरणारं सगळं पाणी कुठेतरी थांबावं लागतं. इतकी शतकं ते खाचरांत थांबत होतं, आणि भाताला ते चालत होतं.