वयाची अट सारखी, रस्ता वेगळा

वयाची अट सगळ्यांना सारखीच असते, मग तिच्यात जात कुठून आली, असे आपल्याला नेहमी विचारले जाते. आमचे उत्तर असे आहे : अट सारखी असते, पण त्या वयापर्यंत पोहोचण्याचा रस्ता सारखा नसतो. शिवाय कायदा कागदावर असून भागत नाही. त्याची अंमलबजावणी करणारे खाते कुणाच्या दारी जाते, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या आर्वीपासूनच सुरुवात करू. आर्वी ही कापसाची बाजारपेठ आणि जिनिंग-प्रेसिंग हा हंगामी धंदा. भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये आणि बारा वर्षांखालच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असे त्यात होते. पण हा कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. म्हणजे हंगाम चार महिन्यांच्या आत आटोपला की जिनातल्या पोराचे वय विचारणारे कुणी नाही. अशा कारखान्यांना कायदा लागू झाला तो १९११ साली, तब्बल तीस वर्षांनी. त्यानंतरही जन्माची नोंद नसलेल्या मुलाचे वय डॉक्टरच्या अंदाजावरच ठरायचे.

१९३४ च्या कायद्यानेही बारमाही कारखान्यांना आठवड्याला ५४ तास आणि जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यांना ६० तास अशी वेगवेगळी मर्यादा ठेवली. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ आणि ५० तासांवर आली. हा भेद पूर्ण मिटला आणि किमान वय १४ झाले ते १९४८ च्या कायद्याने.

ही झाली खालच्या वयाची गोष्ट. वरच्या वयाची गोष्ट आपल्या तरुणांना जास्त जवळची आहे. बाबासाहेब १९४२ च्या जुलैत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला दिले. पुढच्याच वर्षी, १९४३ साली, केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. सोबत आणखी दोन सवलती आल्या : वयोमर्यादेत तीन वर्षांची सूट आणि परीक्षा शुल्क एक चतुर्थांश. टक्केवारी सगळ्यांना पाठ असते, या दोन सवलती मात्र आपण विसरतो. ज्यांच्या घरातली पहिलीच पिढी शाळेची पायरी चढत होती, त्यांना नुसती राखीव जागा देऊन उपयोग नव्हता. पोरगा पदवीपर्यंत पोहोचेपर्यंत वय निघून गेले, तर ती जागा रिकामीच राहणार होती.

आज केंद्रात ही सूट पाच वर्षांची आहे. महाराष्ट्रात २०१६ पासून खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. नियम मोडला तर दाद मागायला राज्यघटनेच्या कलम ३३८ खालचा राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आहे. चौकशी करताना त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. पण भरतीच निघाली नाही तर आयोग काय करणार? जाहिरात रखडते, वय थांबत नाही.

आणि आता काम कंत्राटावर जाते आहे. तिथे '१८ ते ३५' अशी अट कुणीही लिहू शकतो. घटनेच्या कलम १६(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे आधार आहेत, वय नाही. शिवाय ते कलम सरकारी नोकरीपुरते. खासगी मालकाने चाळिशीतल्या बाईला केवळ वयामुळे नाकारले, तर त्याविरुद्ध आपल्याकडे सर्वसाधारण कायदा नाही. अमेरिकेत चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या कामगारांसाठी असा कायदा १९६७ साली झाला. १९७९ पासून तिथला समान रोजगार संधी आयोग तो राबवतो. तक्रार घेतो, चौकशी करतो, मालकावर स्वतः खटलाही भरतो. अर्थात वीसपेक्षा कमी कामगार असलेले खासगी मालक तिथेही सुटतात.

वीस हा आकडा ध्यानात ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली आहे. निरीक्षक आता 'निरीक्षक-तथा-सुविधाकार' झाला आहे. १८८१ ची पळवाट महिन्यांची होती, आजची डोक्यांची आहे. दोन्हींतून सुटतो मालकच.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. जाहिरात जेव्हा निघेल तेव्हाचे वय न धरता, जागा ज्या वर्षी रिक्त झाली त्या वर्षीचे वय धरा. आणि खासगी व कंत्राटी कामातल्या वयभेदाविरुद्ध कायदा करा, पण तो राबवणाऱ्या यंत्रणेसकट. तोवर माहिती अधिकार आपल्या हातात आहे. आर्वीच्या तरुणांनो, आपल्या नगरपरिषदेत आणि पंचायत समितीत अर्ज टाका : किती पदे, कोणत्या वर्षापासून रिक्त आहेत? कंत्राटदाराच्या करारात वयाची अट आहे का? ती कुणी घातली? उत्तर लेखी घ्या.

जय भीम!