झिजलेली निब : मराठवाड्यातील एका जुन्या पेनाचा प्रश्न

जुना फाउंटन पेन विकत घ्यावा काय, आणि घेतलाच तर तो दुरुस्त करावा काय, हा प्रश्न वरवर पाहता छंदिष्टांचा आहे. नांदेड-लातूरकडे तो उपस्थित झाला, की मात्र छंदाच्या कक्षेत राहत नाही. ज्या प्रदेशाने एका पिढीच्या आयुष्यात राज्य बदललेले पाहिले, कचेरीची भाषा बदललेली पाहिली आणि हाताच्या वळणातली लिपीही बदललेली पाहिली, त्या प्रदेशातील जुनी लेखणी ही इतिहासाचे साधन ठरते. म्हणून या प्रश्नाचा विचार आधी इतिहासाच्या अंगाने आणि मग बाजारभावाच्या अंगाने करावा, असे आम्हांस वाटते.

एका योगायोगापासून आरंभ करता येईल. न्यूयॉर्कमध्ये लुईस वॉटरमन यांना फाउंटन पेनाचे पेटंट मिळाले ते 1884 मध्ये. आणि हैदराबाद संस्थानात फारसीच्या जागी उर्दू ही दरबारी व्यवहाराची भाषा झाली, तीही 1884 मध्येच. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु पुढील सहा-सात दशकांत मराठवाड्यातील लिहित्या माणसाच्या खिशात त्या एकत्र आल्या. त्याचे घरचे हिशेब आणि जुने कागद मोडीत असत, छापील ग्रंथ बालबोधात असत आणि अर्ज, दावे, कैफियती उर्दूत कराव्या लागत. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणही उर्दूत आणले. एकाच हाताला डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, असे दोन्ही प्रवास करावे लागत होते.

यात मोडीची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. हात शक्य तितका कमी उचलून, सलग व वेगाने लिहिण्याची ही लिपी. पण बोरूने लिहिणाऱ्याला चार-दोन शब्दांनंतर दौतीकडे परतावेच लागे. दौतीच्या या ताबेदारीतून हाताची सुटका करणारे साधन जेव्हा सर्वसामान्य कारकुनाच्या आवाक्यात आले, तेव्हा मोडीचे दिवस भरत आले होते. लिपीला हवी तशी लेखणी मिळाली, पण ती लिपी मावळत असताना.

हे पेन आले कोठून? नांदेड हैदराबादशी मीटरगेज रेल्वेने जोडले गेले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. लातूरला 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पोहोचली आणि तिने लातूरचा व्यापार कुर्डुवाडीमार्गे मुंबईच्या बाजूस जोडला. हैदराबादेत 1928 मध्ये डेक्कन पेन स्टोअर्स हे दुकान उघडले. त्याच्या स्वतःच्या एबोनाइट पेनांचे नाव ‘अ‍ॅडव्होकेट’, म्हणजे नावातच वकिलाची ओळख. राजमहेंद्रीस रत्नम् यांनी 1932 मध्ये स्वदेशी पेन घडवण्यास प्रारंभ केला आणि तो पेन मिळाल्याची पोच गांधीजींनी 1935 मध्ये पत्राने दिली. नांदेड आणि राजमहेंद्री ही दोन्ही गावे गोदेच्याच काठची. इकडे मुंबईत दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये शाईची पूड व वड्या यांचा उद्योग सुरू केला. त्याचाच पुढे कॅम्लिन झाला. तेव्हा नांदेडच्या जुन्या घरात सापडणारा पेन बहुधा हैदराबादच्या वाटेने आलेला असावा आणि लातूरचा सोलापूर-मुंबईकडून, असे अनुमान या रेल्वेमार्गांवरून करता येते. मात्र ते अनुमानच होय. प्रत्येक पेनाच्या बाबतीत ते पडताळून पाहिले पाहिजे.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. उर्दूत मुद्देसूद युक्तिवाद लिहिणारे वकील आणि शिक्षक आपल्याच मातृभाषेत नव्याने लिहावयास शिकले. लिपी बदलली, भाषा बदलली. पुष्कळांच्या खिशातला पेन मात्र तोच राहिला असेल.

असाच एक पेन आम्हा काही शिक्षकांपुढे विक्रीसाठी आला. नांदेडच्या जुन्या भागातील एका वकिली घराण्यातला, काळ्या एबोनाइटचा, ड्रॉपरने शाई भरण्याचा. अंगावर उर्दू अक्षरांत कोरलेले नाव. काळा रंग उन्हाने व ओलीने शेवाळी-तपकिरी झालेला. निब सोन्याची, पण एका बाजूने झिजलेली. आमच्यात लागलीच दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे असे, की लेखणी लिहीत नसेल तर ती लेखणी कसली? पॉलिश करावे, टोक घासून सरळ करावे, फार तर नवी निब बसवावी आणि वापरावा. दुसऱ्याचे म्हणणे, की त्याला हातही लावू नये.

निर्णयासाठी पेनाची रचना समजून घ्यावी लागली. तरफेने शाई ओढणाऱ्या विलायती पेनांत रबराची पिशवी असते. ती कालांतराने कडक होऊन तडकते आणि बदलल्यावाचून गत्यंतर नसते. ड्रॉपरच्या पेनात पिशवीच नाही. शाई थेट नळीत राहते. म्हणून असा साधा देशी पेन दीर्घायुषी ठरतो. त्यात बिघडते ते इतकेच, की वाळलेली शाई निबेत आणि निबेखालच्या जिभेत अडकते. जुनी निळी-काळी शाई लोहयुक्त व आम्ल असते. ती पोलादी निबेला खाते, सोन्याला सहसा नाही. तेव्हा निब व जीभ साध्या पाण्याने धुणे पुरते. एबोनाइटचे अंग मात्र पाण्यात भिजत ठेवू नये, गरम पाण्यात तर नाहीच. त्याने रंग आणखी उडतो. पॉलिश केले तर काळेपणा परततो, पण कोरलेले नाव पुसट होते. आणि निबेचे टोक घासले, तर लिहिणाऱ्याच्या हाताचा कोन, दाब आणि सवय यांची वर्षानुवर्षांची नोंद एका मिनिटात नाहीशी होते.

यावरून आम्ही एक मर्यादा ठरवली : जी दुरुस्ती परत फिरवता येते तीच करावी. धुणे चालेल, वाळलेली पिशवी बदलणे चालेल. घासणे, रंगवणे, निब बदलणे चालणार नाही. जुन्या पोथीची बांधणी आपण नीट करतो, पण समासातल्या टिपा खोडत नाही. तोच न्याय येथे लावला.

खरेदीचा प्रश्न याहून अवघड निघाला. घरमालकांशी बोलताना कळले, की पेनासाठी गिऱ्हाईक शोधले जात होते, पण त्याच कपाटातील उर्दू व मोडी कागदांचे गठ्ठे रद्दीत काढावयाचे ठरले होते. पेनाला बाजारात किंमत आहे. त्याने लिहिलेल्या मजकुराला नाही. लेखणी ठेवून लेखन फेकण्याचा हा व्यवहार आज केवळ एका घरात चालला असेल, असे समजण्याचे कारण नाही. ज्या घरातून पेन येतो, त्या घरातच बहुधा कागदही असतात, आणि कागदांपासून तोडलेला पेन हा केवळ शोभेची वस्तू उरतो.

आम्ही पेन घेतला, तो कागदांसह घेण्याच्या अटीवर. तो धुतला, आता तो लिहितो, थोडा तिरका धरावा लागतो इतकेच. कागदांचे काम मात्र अडले आहे. आमच्यापैकी एकास मोडी वाचता येते, उर्दू दस्तांची घसटलेली अक्षरे सलग वाचणारा एकही नाही. आपल्या मराठी विभागांतून प्राचीन शिलालेखांचे वाचन कौतुकाने सांगितले जाते; आजोबांच्या पिढीने लिहिलेले दावे आणि पत्रे वाचण्याची सोय तेथे असावी, ही अपेक्षा जास्त नाही. उर्दू जाणणारे एक निवृत्त शिक्षक आठवड्यातून एक तास बसण्यास तयार झाले आहेत. पहिला गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आहे; नांदेड-लातूरच्या ज्या विद्यार्थ्यांना शिकावयाचे असेल, त्यांनी यावे.