मान व खांदेदुखीवरील मर्दन (वर्धा जिल्हा)

मान आणि खांद्यांच्या स्नायूंतील ताठरपणा व वेदना हाताने चोळून, दाबून, मळून कमी करण्याचा उपचार. घरोघरी त्याला मालिश म्हणतात, आयुर्वेदात अभ्यंग व मर्दन, आणि रुग्णालयात तो भौतिकोपचाराचा एक भाग असतो. वर्धा जिल्ह्यात हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी चालतात. शिवाय महात्मा गांधींच्या वास्तव्यामुळे सेवाग्रामात मालिशीला शुश्रूषेचा जो मान मिळाला, तो अन्यत्र क्वचितच दिसतो.

दुखण्याचे मूळ : माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते ताठ असते तेव्हा त्याचा भार मणके पेलतात. डोके पुढे झुकले की तोच भार मानेमागच्या स्नायूंवर येतो. यांतले दोन स्नायू सर्वाधिक दुखतात. कवटीच्या तळापासून खांद्याच्या टोकापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस हा एक, आणि मानेच्या मणक्यांपासून खवाट्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा लिव्हेटर स्कॅपुली हा दुसरा. हे स्नायू तासन्‌तास आवळलेले राहिले की बोटाला गाठीसारखे कठीण ठिपके लागतात. असा ठिपका दाबला तर कळ कानामागे, कपाळाकडे किंवा दंडात जाते. जॅनेट ट्रॅव्हेल व डेव्हिड सायमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ मध्ये अशा वेदनाबिंदूंचा सविस्तर नकाशा प्रसिद्ध केला. भौतिकोपचारतज्ज्ञ आजही तो वापरतात, मात्र या गाठी नेमक्या कशाच्या असतात यावर वैद्यकात एकमत झालेले नाही.

वर्ध्यातील कारणे : शहरी लेखनात मानदुखीची सांगड संगणकाशी आणि मोबाइलशी घातली जाते. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांत मात्र तिचा संबंध आधी कापसाशी जोडावा लागतो. दसरा-दिवाळीपासून पुढे काही महिने वेचणी चालते आणि ती बहुतांशी बायाच करतात. पऱ्हाटीच्या बोंडांपर्यंत वाकायचे, दोन्ही हात पुढे ठेवून बोटांनी कापूस ओढायचा आणि कमरेच्या ओटीत टाकायचा, असे दिवसभर चालते. मजुरी किलोवर मिळत असल्याने थांबून पाठ मोकळी करणे म्हणजे पैसे सोडणे. सायंकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन काट्यापर्यंत जावे लागते, तेव्हा दिवसभर ओढलेली तीच मान आता वरून दाबली जाते. फवारणीची तऱ्हा वेगळी. सोळा लिटरचा पंप भरला की पाण्याचेच वजन सोळा किलो होते आणि ते खांद्यांवरच्या दोन पट्ट्यांवर लटकते. हातपंप असेल तर एका हाताने दांडा हलवायचा आणि दुसऱ्याने नळी फिरवायची असते. त्यामुळे दोन खांदे दोन तऱ्हांनी दुखतात, आणि मालिश करणाऱ्याने हे विचारून घेतले तर निम्मे निदान तिथेच होते. हिंगणघाटच्या बाजारातले हमाल पोते मानेच्या बुडाशी आणि पाठीवर पेलतात. त्यांचा ट्रॅपिझियस जाड, कठीण झालेला असतो आणि हलक्या हाताला दादच देत नाही.

घरगुती रीत : मान आखडली, उसण भरली, खांदे भरून आले की पहिला उपाय कोमट तेलाचा. तिळाचे किंवा मोहरीचे तेल गरम करताना त्यात लसूण-ओवा टाकतात, कुणी उतरवल्यावर कापूर घालते. रुईची पाने तेल लावून तव्यावर शेकून मानेवर ठेवणे, निर्गुडीचा पाला उकळून त्याच्या पाण्याने शेकणे, गरम मिठाची पुरचुंडी फिरवणे हे उपायही सर्रास होतात. बाळ-बाळंतिणीला चोळणारी बाई गावात असली तर शेजारणी तिच्याकडून खांदेही चोळून घेतात. तिची विद्या कोणत्याही पुस्तकातली नाही, पण हात नेमका कुठे कठीण लागतो हे ओळखण्यात ती तरबेज असते. केशकर्तनालयातली चंपी हा पुरुषांचा मार्ग. डोके, मान, खांदे रगडून घेण्यात काही वावगे नाही. शेवटी मानेला झटका देऊन ‘कट’ असा आवाज काढण्याची चाल मात्र सोडून द्यायला हवी. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या थराला अशा झटक्याने चीर पडू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण त्याची भरपाई नसते.

आयुर्वेदात मान जखडण्याला मन्यास्तंभ आणि खांदा आखडण्याला अवबाहुक म्हणतात व दोन्ही वातविकारांत मोडतात. स्नेहन (तेल लावणे), स्वेदन (शेकून घाम आणणे) आणि नस्य (नाकात औषध सोडणे) हा त्यांचा उपचारक्रम. अलीकडे ग्रीवाबस्तीही रूढ आहे. त्यात मानेवर उडदाच्या पिठाचे कडे बसवून कोमट तेल भरून ठेवतात. वर्ध्याजवळच्या सालोड (हिरापूर) येथे महात्मा गांधींच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालय आहे.

सेवाग्राम : ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगाव येथे राहायला आले. पुढे १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्याआधी १९३५ च्या अखेरीस, वर्ध्यातील मगनवाडीत असताना, वाढत्या रक्तदाबाने त्यांची प्रकृती ढासळली होती. रोजची मालिश त्यांच्या दिनक्रमाचा पक्का भाग होती आणि त्या वेळातही त्यांचे वाचन व कामकाज चाले. लुई कुन्हे आणि अडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तके त्यांनी दक्षिण आफ्रिकेतच वाचली होती. आगाखान पॅलेसमध्ये १९४२ साली त्यांनी लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तिकेत निसर्गोपचाराची मांडणी पृथ्वी, पाणी, आकाश, तेज आणि वायू अशी पंचमहाभूतांवर आहे. मालिशीला तिथे स्वतंत्र प्रकरण नाही. ती त्यांच्या आचरणात मात्र ठळकपणे होती.

सेवाग्रामातली सर्वांत मोलाची मालिश गांधीजींनी स्वतः घेतलेली नव्हे, दुसऱ्याला केलेली होती. संस्कृत पंडित परचुरेशास्त्री १९३२ मध्ये येरवडा तुरुंगात त्यांच्याबरोबर होते. कुष्ठरोग बळावल्यावर १९३९ मध्ये ते सेवाग्रामात आले. गांधीजींनी त्यांना जवळच कुटी दिली आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. कनु गांधी यांनी टिपलेले त्या शुश्रूषेचे छायाचित्र जगभर पोहोचले. कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. बधिर, कोरड्या त्वचेला पाणी आणि तेल देत राहणे हे कुष्ठरोग्याच्या निगेचे अंग आजही मानले जाते, म्हणजे त्या स्पर्शाला वैद्यकीय अर्थही होता. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे सुरू केलेल्या कुष्ठधामाने जिल्ह्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर केले.

आश्रमात गांधीजींच्या प्रकृतीची काळजी डॉ. सुशीला नायर घेत आणि मालिशही करत. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था त्यांनीच उभी केली. रुग्णाच्या अंगाला हात लावून काम केलेल्या व्यक्तीने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभारावे, ही या जिल्ह्याच्या आरोग्य-इतिहासातली लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे.

पद्धत : रुग्णाला पालथे निजवतात किंवा खुर्चीवर बसवून, कपाळ समोर टेबलावर घडी घातलेल्या हातांवर टेकवायला सांगतात. मानेला आधार मिळाल्याशिवाय स्नायू सैल होत नाहीत. प्रथम तळव्यांनी मानेपासून खांद्याकडे लांब, हलके हात फिरवतात. मग खांद्यावरचा मांसल भाग अंगठा व बोटांत धरून मळतात. गाठ लागली की तिथे अंगठा स्थिर ठेवून अर्धा ते एक मिनिट दाब देतात आणि शेवटी पुन्हा हलका हात फिरवतात. दाब रुग्णाला गोड वाटेल इतकाच असावा. श्वास रोखला गेला किंवा खांदा वर उचलला गेला तर हात जड पडला आहे असे समजावे. गळ्याच्या पुढच्या व बाजूच्या भागावर दाब देऊ नये. तिथल्या धमनीवर दाब पडला तर नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. कणा थेट रगडू नये.

परिणाम : ‘साठलेले आम्ल पिळून बाहेर काढले’ हे मालिशीचे नेहमीचे स्पष्टीकरण टिकत नाही. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला सिद्धांत अधिक पटतो. स्पर्शाचे व दाबाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, असे तो सांगतो. अमेरिकेत २००९ मध्ये झालेल्या एका चाचणीत जुनाट मानदुखीच्या ६४ रुग्णांपैकी मालिश घेणाऱ्यांना दहा आठवड्यांपर्यंत चांगला उतार पडला, पण सहा महिन्यांनी तो बराच ओसरला. त्याच संशोधकांच्या २०१४ मधील चाचणीत तासाभराची मालिश आठवड्यातून दोन-तीनदा घेणाऱ्यांना गुण आला, अर्ध्या तासाच्या मालिशीने फारसे साधले नाही. कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यांचा सूर आणखी सावध आहे. नावापुरत्या उपचाराशी तुलना केली तर फरक थोडाच उरतो. यावरून इतके निश्चित म्हणता येते की मालिश वेदनेला काही काळ बाजूला सारते. त्या मोकळ्या वेळात खांद्याचे व्यायाम सुरू झाले आणि ओझे वाहण्याची रीत बदलली, तर उतार टिकतो. म्हणून जिल्ह्यातल्या रुग्णालयांत, सेवाग्रामात काय किंवा सावंगी (मेघे) येथे काय, मर्दनाबरोबर व्यायाम शिकवण्यावर भर असतो.

निषेध : हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली झाली असेल, चालताना तोल जात असेल तर मज्जातंतू किंवा मज्जारज्जूवर दाब असण्याची शंका घ्यावी व मालिश थांबवावी. सायंकाळचा बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री वाढणारी मानदुखी ही मणक्याच्या क्षयाची लक्षणे असू शकतात, आणि आपल्याकडे हा आजार मुळीच दुर्मीळ नाही. बैलगाडीवरून किंवा झाडावरून पडल्यानंतर एक्स-रे काढल्याशिवाय मानेला हात लावू नये. डाव्या खांद्यातील दुखण्याबरोबर छातीत दडपण व घाम असेल तर चोळत न बसता थेट रुग्णालय गाठावे. मधुमेह्यांत खांदा गोठण्याचे प्रमाण अधिक असते. तिथे जोराने रगडल्यास दुखणे वाढते.

कापूसपट्ट्यासाठी एक सूचना निराळी करावी लागते. पंपातून गळलेले औषध पाठीवर, खांद्यांवर आणि मानेवर उतरते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. कीटकनाशक कातडीतून शरीरात शिरते, त्यामुळे फवारणी करून आलेल्याचे खांदे साबणाने धुऊन, कपडे बदलल्याशिवाय तेलाने चोळू नयेत. न धुतलेल्या अंगावरचे औषध चोळणाऱ्याच्या हातांनाही लागते, आणि चोळणारी बहुधा घरातलीच बाई असते.