अंडरकोटिंग काढणे, जुन्या मोटारींचे

मोटारीच्या तळपत्र्यावर गंज व खडी यांपासून बचावासाठी दिलेला डांबर-रबराचा जाड लेप उतरवण्याची क्रिया. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारींना स्वतंत्र चासी नसते. तळपत्रा हाच सांगाड्याचा भाग असतो. त्यामुळे त्याला लागलेला गंज थेट गाडीच्या मुळावर येतो.

लेप कालांतराने कडक होऊन तडकतो. फटींतून शिरलेले पाणी आत अडकते आणि वरून शाबूत दिसणारा पत्रा आतून सडतो. घाटंजीसारख्या कापूसपट्ट्यातील गावांत पावसाळ्यात चिकटणारी काळी माती हा ओलावा दिवसचे दिवस धरून ठेवते. म्हणून जुन्यावरच नवा थर मारणे हा सर्वांत घातक उपाय होय.

गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) घ्यावी. हीट गनने लेप मऊ करून बोथट पटाशीने खरवडतात. उरलेला चिकटा रॉकेलने पुसतात. उष्णता देण्यापूर्वी पेट्रोलची टाकी व नळ्या काढणे अनिवार्य. रॉकेल मात्र पत्रा थंड झाल्यावरच वापरावे. काही जुन्या लेपांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. शंका असल्यास कोरडे घासू नये, आधी तपासणी करून घ्यावी. खरवडण्याऐवजी सुक्या बर्फाचा (ड्राय आइसचा) मारा पत्र्याला जपतो, पण महाग पडतो. वाळूचा मारा पातळ पत्रा वाकवतो.

उघडा पत्रा लगेच गंजतो, तेव्हा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्यावा. मूळ पत्रा वाचवण्याला आणखी एक कारण आहे: 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीला ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी मूळ सांगाडा टिकलेला लागतो.