मान, मन्या आणि रग

मान अवघडली की आपण ‘शीर आखडली’ म्हणतो. पण जबड्याखाली एकाच बाजूला, नाडी उडते नेमक्या त्याच जागी बोट टेकवताच ठणका उठतो, त्या दुखण्याला १९२७ साली टेंपल फे या अमेरिकी शल्यविशारदाने ‘कॅरॉटिडिनिया’ म्हटले. पूर्वार्ध ग्रीक ‘कारोस’, म्हणजे गुंगी; मानेतल्या कॅरॉटिड धमन्या दाबल्या की माणूस गुंगतो, अशी जुन्यांची समजूत. उत्तरार्ध ‘ओदुने’, वेदना. तिचा धातू ‘खाणे’ या अर्थाचा, आपल्या ‘अद्’चा सगोत्र असावा. कुरतडणाऱ्या दुखण्याला तो शोभतोही.

सुश्रुताने कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना ‘नीला’ आणि ‘मन्या’ ही मर्मे सांगितली. तिथे घाव बसला तर वाचा जाते, स्वर बिघडतो. आपली ‘मान’ या ‘मन्या’तूनच उतरलेली दिसते. म्हणजे ‘ती मान’ आणि ‘तो मान’ यांची कुळे वेगळी; ताठ मानेने चालणाऱ्यांनी त्यांची सोयरीक मागाहून जुळवली असावी.

‘धमनी’ची व्युत्पत्ती चरकाने ‘ध्मान’, फुंकणे, यावरून दिली आहे, आणि ‘सिरा’ची ‘सरण’, वाहणे, यावरून. ग्रीक ‘आर्तेरिया’ हा शब्दही आधी श्वासनलिकेचाच. वारा वाहणाऱ्या नळ्यांची ही कल्पना दोन्हीकडे आढळते, याचे मला फार अप्रूप वाटते. फारसी ‘रग’ म्हणजे नुसती शीर. मराठीत आल्यावर मात्र पायाला रग लागते आणि कुणाची तरी रग जिरवली जाते. वाहिनीचे नाव वेदनेला मिळाले, ते इथे.

मानेतले ते दुखणे तपासायला सोनोग्राफी वापरतात. ‘सोनोग्राफी’तला लॅटिन ‘सोनुस’ आपल्या ‘स्वना’चाच भाऊबंद. मराठी विज्ञानलेखक तिच्या ध्वनीला ‘श्राव्यातीत’ म्हणतात. २०,००० हर्ट्झच्या पलीकडचा. त्या न ऐकू येणाऱ्या स्वनाने मानेत डोकावले, की धमनीची भिंत एका बाजूला जाडावलेली आणि भोवतालची ऊती सुजलेली दिसते. आतली वाट बहुधा मोकळीच असते. भिंत आतून चिरली असण्याची शंका मात्र आधी दूर करावी लागते, आणि त्यासाठी कधी एमआरआयही लागतो.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून २००४ साली ‘कॅरॉटिडिनिया’ वगळला गेला. २०१७ साली फ्रेंच संशोधकांनी ‘टिपिक’ हे आद्याक्षरी नाव सुचवले: कॅरॉटिडभोवतीचा तात्पुरता दाह. ‘तात्पुरता’ योग्यच, कारण दुखणे बहुधा दोनेक आठवड्यांत ओसरते. मला त्यातला ‘भोवतीचा’ अधिक मोलाचा वाटतो. तो शब्द नावात आला, तो प्रतिमेत सूज धमनीभोवती दिसली म्हणूनच.