ओझरच्या ११ बीआरडीत दिवसभर नेमकं काय चालतं?

निफाड तालुक्यातलं ओझर म्हटलं की एचएएल आठवतं. पण तिथेच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो, म्हणजे ११ बीआरडी आहे. दोन्हींत बरेच जण गल्लत करतात. एचएएल ही विमानं बनवणारी सरकारी कंपनी, तर बीआरडी नागपूरच्या मेंटेनन्स कमांडखाली चालणारा हवाई दलाचा स्वतःचा डेपो.

इथे हवाई दलाच्या जवानांसोबत सिव्हिलियन कर्मचारीही काम करतात. ठरावीक वर्षं किंवा उड्डाणाचे तास भरले की लढाऊ विमानाचं ओव्हरहॉल करावं लागतं. विमान खोलायचं, भाग तपासायचे, तडे शोधायचे, खराब भाग बदलायचे, पुन्हा जोडायचं आणि चाचणी उड्डाण घ्यायचं.

काम संपल्यावर हत्यारं मोजणंही तितकंच महत्त्वाचं. विसरलेला एक पाना कंट्रोलमध्ये अडकला, तर पायलटच्या जिवावर बेतू शकतं.

मिग-२१, मिग-२३, मिग-२९ अशी विमानं या डेपोने हाताळली. २०१८ मध्ये इथे ओव्हरहॉल झालेलं पहिलं सुखोई-३० एमकेआय हवाई दलाकडे सोपवलं गेलं.

विमान डेपोत जितके दिवस जास्त राहतं, तितके दिवस स्क्वाड्रनकडे एक विमान कमी असतं. म्हणून इथला रोजचा दिवस महत्त्वाचा.