स्त्रीश्रमाचे मोल

परभणी जिल्ह्याच्या काळ्या रानात कामांची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहे. औत आणि पेरणी पुरुषाकडे. निंदणी, खुरपणी आणि कापसाची वेचणी स्त्रीकडे. मजुरीही निराळी, आणि बाईची बहुधा कमी. मालकास विचारावे तर उत्तर तयार असते : कामच वेगळे, मग मजुरी सारखी कशी? समान वेतनाच्या इतिहासातला सारा झगडा, आमच्या मते, या एका उत्तराशीच आहे.

1950 च्या राज्यघटनेने समान कामास समान वेतन हे मार्गदर्शक तत्त्व ठरविले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या 1951 च्या ठरावाची भाषा याहून व्यापक होती. त्यात समान ‘मोलाच्या’ कामाचा उल्लेख होता, आणि भारताने तो 1958 साली मान्यही केला. परंतु 1976 चा समान वेतन कायदा ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम’ एवढ्यावर येऊन थांबला. जेथे कामच स्त्रीपुरुषांत वाटलेले, तेथे तुलना करावयाची तरी कोणाशी?

मराठवाड्यापुरते बोलावयाचे, तर या प्रश्नास पहिले व्यवहारी उत्तर दुष्काळाने दिले. 1972 च्या अवर्षणात सरकार स्वतःच मालक बनले. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीस 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. येथे मजुरी माणसाची नव्हे, मोजमापाची. किती माती खणली, ती किती लांब व किती उंच वाहून नेली, याचे दर वेगवेगळे लावलेले. पुरुषाने खणावे आणि बाईने पाटी वाहावी ही वाटणी येथेही फारशी मोडली नाही; पण डोक्यावरची पाटी दरपत्रकात आली, हे थोडे नव्हे. टोळीचा पैसा पुढे घरात कोणाच्या हाती पडे, हा प्रश्न निराळा. तो दरपत्रकाने सुटणारा नव्हता.

शहरातील कचेरीतही युक्तिवाद तोच. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी या जहाजकंपनीत स्त्री लघुलेखिकांची वेतनश्रेणी पुरुषांपेक्षा कमी होती. वरिष्ठांच्या गोपनीय कामासाठी नेमलेल्या या स्त्रियांचे काम वेगळे, शिवाय संघटनेशी झालेल्या करारातच ही श्रेणी ठरलेली, असे कंपनीचे म्हणणे. ऑड्री डिकॉस्टा यांनी दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये निर्णय दिला, की कागदावरील पदनाम नव्हे, प्रत्यक्ष केले जाणारे काम पाहावे. मालकाने एखाद्या जागी स्त्रियाच नेमल्या म्हणून त्या जागेचे वेतन उतरत नाही. आर्थिक तंगी अथवा करार ही सबब चालत नाही. मालकाने आपला पगारपट कसा तपासावा, याचा इतका नेमका पाठ आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळला.

असो. कचेरीत निदान पगारपट तरी असतो. सेलू-मानवतच्या बाजारात येणारा कापूस वेचणाऱ्या बाईस किलोवर मजुरी मिळते, म्हणजे तिच्या श्रमास एक माप आहे. खुरपणीस तेही नाही. दिवसभर उकिडवे बसून पाती धरणाऱ्या स्त्रीची मजुरी औताच्या मजुरीशेजारी मांडून, कष्ट किती, कसब किती, हे पाहणारे दरपत्रक जिल्ह्यातील कोणत्या बांधावर आहे?